गिरणीशेजारचे घर

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या दक्षिणेला सुमारे १६ किलोमीटरवर स्टायल नावाचे खेडे आहे. तेथे बॉलिन नदीच्या अरुंद दरीत क्वारी बँक ही जुनी सूतगिरणी उभी आहे. गिरणीला जवळजवळ खेटूनच एक दुमजली घर आहे. ते गिरणीचे मालक सॅम्युएल ग्रेग यांचे. गिरणी १७८४ साली सुरू झाली आणि घर १८००च्या आसपास बांधले गेले. ग्रेग यांचे मँचेस्टरमध्ये घर होतेच. पैशालाही तोटा नव्हता. मग यंत्रांच्या खडखडाटाशेजारी त्यांनी घर का बांधले असावे?

याचे उत्तर शोधायला आधी नदीकडे जावे लागते.

जागा ठरवली पाण्याने

पाणचक्कीला मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते. दर सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून खाली येते. या गिरणीत १८२०च्या सुमारास बसवलेल्या मोठ्या चाकाचा व्यास ३२ फूट, म्हणजे पावणेदहा मीटर होता आणि शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती. त्यासाठी किती पाणी लागेल? एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम असते. दर सेकंदाला इतके पाणी १० मीटर खाली आले, तर १००० × ९.८ × १० = ९८,००० वॅट शक्ती मिळते. त्यातील तीन-चतुर्थांश चाकाच्या उपयोगी पडली असे धरले, तर ती जवळपास १०० अश्वशक्ती होते.

एवढे पाणी आणि एवढा उतार शहराच्या मध्यावर मिळत नाही. म्हणून गिरणीला दरीत जावे लागले. मँचेस्टरहून घोडागाडीने तेथे पोहोचायला बराच वेळ लागे. उन्हाळ्यात पाणी आटे, पावसाळी दिवसांत पूर येई, कापसाच्या तंतूंमुळे आगीची भीती तर कायमचीच. अशा कारखान्यावर लक्ष ठेवायचे, तर मालकाने जवळ राहणे सोयीचे होते.

घर काय सांगते?

घराची बांधणी त्या काळच्या जॉर्जियन पद्धतीची आहे. दर्शनी भाग प्रमाणबद्ध, नक्षीकाम बेताचे आणि खिडक्या मोठ्या. या खिडक्यांकडे जरा लक्ष द्या. इंग्लंडमध्ये तेव्हा घरांच्या खिडक्यांवर कर होता (तो १८५१ साली रद्द झाला) आणि काचेवर वेगळा कर होता (तो १८४५ साली गेला). म्हणजे घरात येणारा उजेडसुद्धा खर्चाची बाब होती. बागेत वक्र लोखंडी सांगाड्याचे काचघर आहे. लोखंडी पट्ट्या लाकडापेक्षा बारीक असूनही काच पेलू शकतात. त्यामुळे सावली कमी पडते आणि थंड हवेच्या प्रदेशातही द्राक्षे पिकवता येतात.

याच परिसरात दुसरे एक घर आहे, १७९० साली बांधलेले. त्यात सुमारे ९० मुले राहत. त्यांत मुलीच जास्त. अनाथ व निराधार मुलांना गरीबखान्यांतून करार करून येथे आणले जाई. कामाच्या बदल्यात त्यांना अन्न, कपडे, निवारा आणि थोडे शिक्षण मिळे. दिवस बारा तासांहून मोठा असे. १८०६ साली दोन मुलगे येथून पळून लंडनला गेले. त्यांतील एकाचे बोट यंत्रात सापडून गेले होते आणि त्याला आईला भेटायचे होते. दंडाधिकाऱ्यांपुढे त्यांनी दिलेल्या जबान्या आजही वाचायला मिळतात.

ग्रेग कुटुंबाचा पैसा केवळ सुतातून आला नव्हता. वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटावर त्यांचा उसाचा मळा होता आणि तेथे गुलाम राबत. घराच्या भिंतींवर ही गोष्ट दिसत नाही. ती हिशेबाच्या कागदांत शोधावी लागते.

वाफ आली, अंतर वाढले

वाफेच्या यंत्राला दरी लागत नाही. कोळसा आणला की ते कोठेही चालते. त्यामुळे नव्या गिरण्या मँचेस्टरसारख्या शहरांत, मजुरांच्या वस्त्यांजवळ उभ्या राहिल्या. धूर वाढला, तसे मालक शहराबाहेर राहायला गेले. १८३०च्या दशकात मँचेस्टरच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया पार्क ही श्रीमंतांची वसाहत आखली गेली, आणि तिला फाटके होती. या शहराची रचनाच अशी आहे की धनिकाला मजुरांची घरे न पाहता ये-जा करता येते, हे फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दाखवून दिले.

क्वारी बँकची गिरणी पुढेही प्रामुख्याने पाण्यावरच चालली. तरी सॅम्युएल ग्रेग यांचे पुत्र रॉबर्ट यांनी १८३१ साली स्टायलमध्येच, पण गिरणीपासून दूर, नॉरक्लिफ हॉल बांधला. वडिलांचे घर त्यांच्या काळच्या साध्या शैलीचे होते. मुलाच्या घराने मात्र सोळाव्या शतकातील जमीनदारांच्या वाड्यांचा थाट घेतला. कारखानदाराच्या पैशाला आता जुन्या घराण्याचा तोरा हवा होता.

वर्गात करून पाहा

आपल्या भागातील साखर कारखाना, सूतगिरणी किंवा बंद पडलेली एखादी गिरणी निवडा. मुंबईत असाल तर गिरणगाव आहेच. विद्यार्थ्यांना तिचा नकाशा काढू द्या. त्यात धुराडे, पाण्याचा स्रोत, कामगारांच्या चाळी आणि मालकाचा किंवा व्यवस्थापकाचा बंगला दाखवावा. वर्षातील बराच काळ वारा कोणत्या दिशेने वाहतो, तेही बाणाने दाखवावे. मग विचारा : धूर कोणाच्या खिडकीत जात असेल? बंगल्यातून चाळ दिसते का?