तीन वाजताची बंदी

डिसेंबर २०२३ मधला पहिला शनिवार. कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या बर्नली गावात दुपारचे तीन. बर्नली विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा प्रीमियर लीगचा सामना मी घरी बसून, वर्गणी भरलेल्या मोबाइल अ‍ॅपवर पाहत होतो. माझा भाचा नोकरीनिमित्त त्याच बर्नलीत राहतो. त्याच्या घरापासून टर्फ मूर हे मैदान चालत दहा मिनिटांवर. त्याच्याकडे हंगामाचं तिकीटही आहे, पण त्या दिवशी तो तापानं फणफणला होता. त्याला तो सामना घरबसल्या पाहता येत नव्हता. कितीही पैसे मोजले तरी नाही. कायदेशीर मार्गच नव्हता. रेडिओ होता, पण त्याला मामाशी बोलायचं होतं, म्हणून त्यानं फोन लावला.

"मामा, गोल झाला बघा," तो एकदम म्हणाला.

माझ्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता. सामना सुरू व्हायचा होता. पण त्याच्या खिडकीतून प्रेक्षकांचा गलका आत आला होता. थोड्या वेळानं माझ्याकडे सामना सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटात बर्नलीचा गोल झाला. पुढे बर्नली पाच-शून्य जिंकली. तो गोल आधी ऐकायचा आणि मी नंतर पाहून त्याला सांगायचो, कोणी मारला, कसा मारला.

मी पेशानं अभ्यासक नाही. एका छापखान्याचे हिशेब लिहीत आयुष्य गेलं. पण लहानपणापासून शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहिलेले असल्यामुळे हा प्रकार डोक्यातून जाईना. साडेसात हजार किलोमीटरवरचा माणूस सामना बघतो आणि मैदानाशेजारचा माणूस बघू शकत नाही, असा नियम कोणी आणि का केला असेल? तेव्हापासून लीगच्या घोषणा, न्यायालयांचे निकाल, जुने आकडे जे मिळेल ते वाचत आलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो आहे.

बंदीचा जन्म

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या अडीच तासांत फुटबॉलचा कोणताही सामना थेट दाखवता येत नाही. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे युएफाच्या नियमावलीतलं ४८ वं कलम त्याच्या मुळाशी आहे. प्रत्येक देशाच्या संघटनेला आठवड्याच्या शेवटी असे अडीच तास राखून ठेवता येतात. शनिवारी तीन ही इंग्लंडमधल्या सामन्यांची परंपरागत वेळ. गिरण्या-कारखान्यांना शनिवारी दुपारी सुटी होऊ लागली तेव्हापासूनची.

प्रक्षेपणाची भीती मात्र टीव्हीच्याही आधीची आहे. २२ जानेवारी १९२७ रोजी आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचं धावतं वर्णन बीबीसीनं रेडिओवर केलं. लीगच्या सामन्याचं असं ते पहिलंच वर्णन. श्रोत्यांना चेंडू कुठे आहे ते कळावं म्हणून 'रेडिओ टाइम्स'नं मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा छापला होता. चारच वर्षांनी, १९३१ मध्ये, फुटबॉल लीगनं आपल्या सामन्यांच्या रेडिओवर्णनाला बंदी घातली. कारण एकच, लोक घरी बसले तर गेटवर पैसे कोण देणार?

टीव्ही आल्यावर हाच प्रश्न मोठा झाला. १० सप्टेंबर १९६० रोजी ब्लॅकपूल आणि बोल्टन यांचा लीगचा सामना आयटीव्हीनं थेट दाखवला. हा प्रयोग पुढे चालवायचा बेत होता, पण बड्या क्लबांनी कॅमेऱ्यांना दारातच अडवलं आणि बेत मोडला. इंग्लंडमध्ये लीगचे सामने पुन्हा थेट दिसायला १९८३ उजाडलं.

मधल्या काळात बंदीचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता कोण होता? बर्नलीचाच अध्यक्ष, बॉब लॉर्ड. हे वाचलं तेव्हा मला भाच्याची खिडकी आठवली. लॉर्ड व्यवसायानं खाटीक, मटणाच्या अनेक दुकानांचा मालक. १९५५ ते १९८१ इतका काळ तो क्लबचा अध्यक्ष होता. बीबीसीनं १९६४ मध्ये 'मॅच ऑफ द डे' या कार्यक्रमात सामन्यांची क्षणचित्रं दाखवायला सुरुवात केली तेव्हा त्यानं टर्फ मूरवर पाच वर्षं कॅमेरे येऊ दिले नाहीत. शनिवारी दुपारी मोठा सामना टीव्हीवर लागला तर खालच्या विभागातल्या गरीब क्लबांची मैदानं ओस पडतील, हा त्याचा मुद्दा. साठच्या दशकात त्यानं तो इतर क्लबांच्या अध्यक्षांना पटवून दिला.

लॉर्डला आडमुठा म्हणून हसणं सोपं आहे. पण बर्नलीपासून काही मैलांवर असलेल्या अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली या क्लबला १९६२ मध्ये कर्जापायी ऐन हंगामात लीग सोडावी लागली होती. लहान क्लब म्हणजे गेटवर जमणारी रोकड. ती आटली की क्लब संपला, हे लॉर्डनं शेजारीच पाहिलं होतं.

आकडे काय सांगतात

बंदीनं गेट वाचलं का? १९४८-४९ च्या हंगामात इंग्लिश लीगच्या सामन्यांना चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले होते. १९८५-८६ मध्ये ते सुमारे एक कोटी पासष्ट लाखांवर घसरले. म्हणजे थेट सामने टीव्हीवर जवळजवळ नव्हतेच त्या काळात मैदानं रिकामी होत गेली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, उपग्रह वाहिनीवर सामन्यांचा पूर आला, आणि गर्दी पुन्हा वाढली. अर्थात १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर मैदानं सुधारली, हेही त्यामागे आहे. गर्दीचं गणित एका कारणानं सुटत नाही.

जर्मनीकडे पाहिलं तर शंका आणखी वाढते. तिथे शनिवारी दुपारी साडेतीन ही बुंडेसलिगाची मुख्य वेळ आणि ते सामने पैसे भरून घरी थेट पाहता येतात. तरी मैदानं भरतात. तिसऱ्या विभागाचे सगळे सामने २०१७ पासून इंटरनेटवर सशुल्क दिसतात. २०२३-२४ मध्ये त्या विभागाची सरासरी गर्दी सामन्यामागे दहा हजारांच्या वर होती. लॉर्डची भीती खोटी नव्हती, पण त्यानं सुचवलेलं औषध लागू पडलं याचा पुरावा मला सापडला नाही.

देशाच्या भिंती

मग मला सामना कसा दिसला? प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात. ब्रिटनची बंदी ब्रिटनपुरती असते, भारतासाठी विकलेल्या हक्कांना ती लागू नाही. तुमचा फोन किंवा संगणक इंटरनेटवर येतो तेव्हा त्याला एक क्रमांक मिळतो आणि त्यावरून तो कोणत्या देशात आहे हे सेवा देणाऱ्याला कळतं. बाहेरच्या देशाचा क्रमांक दिसला की दार बंद. काही जण आपला क्रमांक दुसऱ्या देशाचा भासवणारी सोय वापरतात, पण ते सेवेच्या अटींच्या विरुद्ध असतं.

गोल मला उशिरा दिसला त्याचं कारणही साधं आहे. मैदानावरचं चित्र आधी आकसून लहान केलं जातं, मग त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडून जगभरच्या साठवण-यंत्रांकडे पाठवतात, आणि चित्र अडखळू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे हाताशी जमवूनच दाखवायला लागतो. या साऱ्यात वीस-तीस सेकंद सहज जातात.

या भिंतींना पहिला मोठा धक्का दिला तो पोर्ट्समथमधल्या पब चालवणाऱ्या कॅरन मर्फी या बाईंनी. इंग्लिश वाहिनी महाग म्हणून त्यांनी ग्रीक वाहिनीचं कार्ड आणून पबमध्ये सामने दाखवले, त्यात शनिवारी तीनचेही. त्यांना दंड आणि खर्च मिळून सुमारे आठ हजार पौंड बसले. बाईंनी प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत नेलं. ४ ऑक्टोबर २०११ चा निकाल असा की, परदेशी कार्ड विकत घ्यायला बंदी घालणं हे युरोपीय संघाच्या खुल्या बाजाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. सामना स्वतः कोणाची साहित्यकृती नव्हे, असंही न्यायालय म्हणालं. पण त्यासोबत दिसणारं बोधचिन्ह, वाजणारी धून आणि पडद्यावरची सजावट यांवर स्वामित्वहक्क असतो आणि पबमध्ये ते दाखवायला परवानगी लागते. २०१२ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं बाईंची शिक्षा रद्द केली. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि भिंत पुन्हा उभी राहिली.

तिकीट की वर्गणी?

प्रीमियर लीगच्या खाली तीन विभागांत ७२ क्लब आहेत. त्यांच्या संघटनेनं २०१७ मध्ये 'आयफॉलो' ही सेवा सुरू केली. आधी ती परदेशातल्या पाठीराख्यांसाठी होती. पुढे आठवड्याच्या मधल्या वारी होणारे काही सामने ब्रिटनमध्येही एका सामन्याला दहा पौंड या दरानं मिळू लागले. मग कोविड आला. मैदानं बंद झाली आणि गेट वाचवायला गेटच उरलं नाही, तेव्हा शनिवारची बंदी उठवावी लागली. २०२०-२१ च्या हंगामात लोकांनी आपापल्या क्लबांचे सामने दहा-दहा पौंड देऊन घरी पाहिले. चित्र साधं, कॅमेरे मोजके. तरी पैसे देताना कुरकुर फारशी नव्हती.

त्याच काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, प्रीमियर लीगनं वाहिन्यांनी न निवडलेले सामने १४.९५ पौंडांना विकायला काढले. वीसपैकी फक्त लेस्टरनं विरोधात मत दिल्याचं वृत्तपत्रांत आलं. पाठीराखे खवळले. न्यूकॅसलच्या पाठीराख्यांनी तेवढीच रक्कम गरिबांना धान्य देणाऱ्या स्थानिक संस्थेला द्यायची मोहीम काढली आणि पहिल्याच सामन्याला सुमारे वीस हजार पौंड जमले. इतर गावांनी तोच कित्ता गिरवला. नोव्हेंबरात लीगनं ही योजना गुंडाळली.

दहा पौंड गोड आणि पंधरा कडू, हा फरक पाच पौंडांचा नाही. प्रीमियर लीगच्या पाठीराख्यांनी वाहिन्यांना महिन्याचे पैसे आधीच दिलेले होते. त्यावर आणखी मागणी आली तेव्हा त्यांना ते दुकानदाराचं बिल वाटलं. लहान क्लबाच्या माणसाला मात्र आपले दहा पौंड आपल्या क्लबाच्या पेटीत पडताना दिसत होते. कोकणातला चाकरमानी गावच्या जत्रेला मुंबईहून पैसे पाठवतो, आमच्याकडे पेठेतला माणूस तालमीला देतो, त्या जातीचे ते पैसे. जत्रा नीट दिसली की नाही याचा हिशेब त्यात कोणी मांडत नाही. ती वर्गणी असते.

ही वर्गणी आता ब्रिटनपुरती बंद झाली आहे. २०२४-२५ पासून या ७२ क्लबांचे हंगामाला हजाराहून अधिक सामने स्काय ही वाहिनी दाखवते. पाच वर्षांचे ९३५ दशलक्ष पौंड, आधीपेक्षा कितीतरी जास्त. देशातल्या पाठीराख्याला क्लबाकडून सामन्याचं चित्र विकत घेता येत नाही, तो वाहिनीचा वर्गणीदार होतो. शनिवारी तीनची बंदी कायम आहे, म्हणून कित्येक सामने दुपारी साडेबाराला ढकलले जातात आणि बाहेरगावच्या सामन्याला जाणाऱ्याला पहाटे निघावं लागतं.

यात वाईट कोण, हे मला ठरवता येत नाही. बरी हा १८८५ सालचा क्लब २०१९ मध्ये पैशांच्या घोळापायी लीगमधून काढला गेला. तो पाहिल्यावर खात्रीची मोठी रक्कम नाकारा असं कोणत्याही लहान क्लबाला सांगायची माझी छाती नाही. पण मोठी रक्कम एका हातातून येते आणि तो हात आखडला की सगळेच कोरडे पडतात. दहा-दहा पौंड हजार हातांतून येत होते. ते हात मोडून टाकू नयेत, त्यांना देता येईल अशी एखादी फट ठेवावी, एवढंच म्हणावंसं वाटतं. निदान आजारी माणसाला, म्हाताऱ्या माणसाला, ज्यानं हंगामाचं तिकीट घेतलेलंच आहे त्याला शनिवारी तीन वाजता घरून बघू दिलं, तर कोणाचं गेट बुडेल?

हा प्रश्न आता आमच्या दारातही आला आहे. शाहू स्टेडियमवरचे सामने अलीकडे यूट्यूबवर दिसतात. पुण्यात, दुबईत असलेली आमची पोरं ते बघतात, आणि बर्नलीतला भाचाही. आज ते फुकट आहे. उद्या कोणी त्याचे पैसे घ्यायचे ठरवलं तर एवढं पाहावं, की ते तालमीच्या पेटीत पडतात का. पडत असतील तर माझा भाचा पहिला देईल. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, वर्गणी काय मागून घ्यायची असते काय? सांगा किती ते."