छोट्या इंजिनाचा क्लच: बिघाड शोधावा कसा?

ज्याने शेतात गोफण फिरवली आहे, त्याला केंद्रोत्सारी बल निराळे शिकवावे लागत नाही. खडा जसजसा जोराने फिरतो, तसतशी हाताला ओढ बसते. ही ओढ गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गती दुप्पट झाली की ओढ चौपट, तिप्पट झाली की नऊपट. या ओढीचाच उपयोग करून एक साधा क्लच बनवतात. त्याला दांडा नाही, पायाने दाबावयाचे काही नाही. कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली आणलेली लूना ज्यांनी चालवली असेल, त्यांना तो आठवेल: गाडी थांबली तरी इंजिन चालूच, मूठ पिळली की गाडी निघाली. खांद्याला अडकवून बांधावरचे गवत कापतात, त्या ग्रास कटरमध्येही तोच असतो. आणि नायट्रो इंधनावर पळणाऱ्या, रेडिओच्या लहरींनी दुरून हाकावयाच्या छोट्या मोटारीतही तोच. आज या छोट्या मोटारीचा क्लच उघडून पाहू. कारण तिचे सारे भाग तळहातावर मावतात आणि दोष डोळ्यांना दिसतो.

छोटी म्हटली तरी तिला पोरखेळ समजू नका, बरे का. तिच्या इंजिनाचे माप बहुधा 2 ते 3.5 घन सेंटिमीटर. पण ते मिनिटाला 30,000 हून अधिक फेरे घेऊ शकते. इंधनात मेथॅनॉल, नायट्रोमेथेन आणि वंगणाचे तेल मिसळलेले असते. या तेलात कधी आपले एरंडेलही असते. वंगण इंधनातूनच येते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर एक जड चाक असते, ते फ्लायव्हील. त्यावर खुंट्यांना अडकवलेले दोन, तीन किंवा चार तुकडे असतात. त्यांना शू म्हणतात. स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. या सर्वांवर वाटीसारखे एक झाकण येते, ते बेल. बेलच्या बाहेरच्या अंगाला दाते असतात. ते मोठ्या दातेरी चक्राला आणि त्याच्याकरवी चाकांना फिरवतात. बेल शाफ्टवर घट्ट बसवलेली नसते, लहानशा बेअरिंगांवर मोकळी फिरते. इंजिन मंद चालले की स्प्रिंगा जिंकतात, शू आत राहतात, गाडी उभी. वेग वाढला की गोफणीची ओढ जिंकते, शू बाहेर येऊन बेलला आतून घासतात, आणि गाडी निघते. एवढाच सारा कारभार.

आता नेहमीची तक्रार घ्या. मोटार उभी करावी, तर ती हळूहळू पुढे सरकते. आणि ब्रेक लावावा, तर इंजिनच बंद पडते. पुष्कळ लोक येथे लगेच पेचकस घेऊन कार्ब्युरेटरची सुई पिळू लागतात. यातच नुकसान आहे. सुई आवळली की इंधन कमी जाते, आणि इंधनाबरोबर वंगणही कमी जाते. इंजिन थोडा वेळ जोरात ओरडते, आपल्याला वाटते दुरुस्त झाले. पण आत सिलिंडर आणि पिस्टन कोरडे घासत असतात. एका लहानशा बेअरिंगच्या दोषापायी सगळे इंजिन जाते.

म्हणून सुईला हात लावण्याआधी एक परीक्षा करा. इंजिन बंद ठेवा, गार होऊ द्या. मोटार उचलून ज्या चाकांना इंजिनाचा जोर जातो, ती हाताने फिरवा. चाके फिरली आणि फ्लायव्हील जागच्या जागी राहिले, तर बेल मोकळी आहे. फ्लायव्हीलही सोबत फिरू लागले, किंवा चाके जड लागली, तर बेल कुठेतरी धरते आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही.

बेल मोकळी असली, तर पहिला संशय मंद गतीवर घ्यावा. गॅरेजात तिला ‘स्लो’ म्हणतात. स्लो जास्त ठेवला असेल तर इंजिन उभ्या गाडीतही इतके फिरते की शू बाहेर यावयास लागतात. अडवण्याचा स्क्रू थोडा सैल करून स्लो कमी करावा. तरीही मोटार सरकत असेल, तर स्प्रिंगा थकल्या आहेत.

बेल धरत असेल, तर उघडण्याखेरीज गत्यंतर नाही. उघडल्यावर आधी बेअरिंग पाहा. आतला व्यास 5 मिलिमीटर, बाहेरचा 10, असे हे इवलेसे असते. बोटावर फिरवले की आवाज न करता फिरले पाहिजे; खरखरले की बदलावे. धूळ आणि उष्णता हे त्याचे वैरी. घासणाऱ्या बेलची उष्णता बेअरिंगमधले ग्रीस उडवते. ग्रीस उडाले की बेअरिंग अडकते. अडकले की बेल आणखी तापते. मग स्प्रिंगा पाहा. एखादी मोडली असेल, तर तिचा शू बेलला टेकून राहतो. बदलावयाच्या तर सगळ्या एकदम बदलाव्या.

बसवताना बेलला शाफ्टच्या दिशेने किंचित मागेपुढे हलण्याइतकी मोकळीक पाहिजे. ही मोकळीक पातळ वायसर घालून किंवा काढून साधतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात, ते आपण पाहिलेच आहे. तापलेले लोखंड वाढते. येथेही तसेच. गार असताना अगदी नेमकी बसवलेली बेल तापल्यावर धरते, आणि मग माणूस म्हणतो, ‘‘आत्ता तर चांगली चालत होती!’’

दातेरी चक्रांचेही असेच. ती एकमेकांत फार दाबून बसवली की बेअरिंगवर भार येतो. वहीच्या कागदाची पट्टी दोहोंच्या मध्ये घालून चक्र फिरवावे, त्याच स्थितीत इंजिनाचे स्क्रू आवळावे, आणि मग पट्टी काढून घ्यावी. पट्टी चुरगळली पाहिजे, फाटता कामा नये.

दुसरी तक्रार उलट. इंजिन किंचाळते आणि मोटार जागची हलत नाही. आधी मोठे चक्र पाहा. दाते झिजून गेले असतील, तर क्लचचा काही दोष नाही. दाते शाबूत असतील, तर शू झिजले आहेत किंवा तेलकट झाले आहेत. इंजिनाच्या पुढच्या बेअरिंगमधून इंधन झिरपते, ते थेट इकडेच येते. शू आणि बेलची आतली बाजू स्पिरिटने पुसावी, पॉलिश कागदाने हलकेच खरवडावी. मात्र झिरपणे थांबवले नाही, तर चार दिवसांनी पुन्हा तेच. बेलवर निळसर झाक दिसली, तर ती फार तापलेली आहे असे समजावे.

मोटार निघताना इंजिन गुदमरत असेल, तर स्प्रिंगा नरम आहेत. अशा इंजिनाला कमी वेगात जोर नसतो, त्यामुळे भार लवकर आला की ते दबते. मोठ्या मोटारींना स्प्रिंगेची तार 0.9, 1.0, 1.1 मिलिमीटर अशी मिळते. तार जाड, तितका क्लच उशिरा धरतो.

शाळेत मुलांसमोर हे करणार असाल, तर एक सांगणे आहे. मेथॅनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, आणि ते अंगावर सांडले तर कातडीतूनही विषबाधा करते. इंधनाची बाटली मुलांच्या हाती देऊ नये. चालू इंजिनाच्या बेलजवळ बोट नेऊ नये. मुलांना क्लच दाखवावा तो बंद आणि गार इंजिनाचा.

घरी ग्रास कटर असेल, तर त्याचीही हीच परीक्षा करता येते. आधी स्पार्क प्लगची टोपी काढा, जाड हातमोजे घाला, आणि पाते हाताने फिरवून पाहा. ते मोकळे फिरावे. मग यंत्र सुरू करून मंद ठेवा. पाते थांबलेच पाहिजे. थांबत नसेल, तर त्या दिवशी गवत तसेच राहू द्या.