चित्रलेखनातील साधनपट्टी

हैदराबाद येथील 'स्वेच्छा' ही संस्था मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करते. अशा सॉफ्टवेअरपैकी 'इंकस्केप' २००३ पासून रेखाचित्रांसाठी विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात तारा काढण्याचे साधन घेताच वरच्या पट्टीवर कोनांची संख्या दिसते. आकृती निवडलेली असल्यास आकडा बदलताच तीच आकृती पालटते. नसल्यास तो आकडा पुढील आकृतीस लागू होतो. 'नवीन' वा 'बदल' अशा अर्थाचा शब्द पट्टीवर हा भेद दर्शवितो. चौकोनाच्या साधनाने हाच नियम पाळला नसता, तर नवशिक्या विद्यार्थ्याची तयार आकृती नकळत बिघडली असती, आणि दोष बहुधा त्याच्याच माथी आला असता. रंगाबाबत मात्र प्रत्येक साधनास शेवटची वापरलेली अथवा स्वतःची शैली ठरवून देता येते. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर शिक्षकांनी ही निवड सारखीच ठेवावी.