प्रकाशाच्या गळतीवरून चाल

तंतू प्लास्टिकचा, मिलिमीटरभर जाडीचा. त्याची एक बाजू बारीक पॉलिश पेपरवर घासायची. वरचं आवरण निघून आतला गाभा थोडासा उघडा पडला की थांबायचं. हात जरा जड पडला तर तुकडा वाया जातो. मग तो गुडघ्यावर बसवून एका टोकातून प्रकाश सोडायचा. घासलेल्या जागेतून तो थोडा निसटतो. ती बाजू बाहेर ठेवून तंतू वाकवला की अधिक, आत घेऊन वाकवला की कमी. दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो. तिथवर किती प्रकाश पोचला, त्यावरून गुडघा किती वाकला ते कळतं. दूरसंचारवाले जी गळती टाळायला धडपडतात, तिच्यावरच इथलं सगळं मोजमाप उभं आहे.

असेच तंतू बुटातल्या सुकतळ्यात, टाचेखाली आणि चवड्याखाली बसवतात. तसला बूट घालून मी चालून पाहिलं. पडद्यावर प्रत्येक पावलाला दोन उंचवटे उमटत होते. टाच टेकून अंगाचा भार आला की पहिला, चवड्यानं जमीन मागे रेटली की दुसरा. अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाचा हा दुसरा उंचवटा अनेकदा बसका होतो, कारण पोटरीत पुरेसा रेटा उरलेला नसतो. "काका, आधी टाच टेका," असं फिजिओ सांगतात, काका टेकतातही. पण रेटा परतला की नाही, हे नुसत्या डोळ्यांना नेमकं सांगणं कठीण.

विजेचे सेन्सर का नकोत? स्नायूंना विजेचे झटके देणारं यंत्र किंवा चालायला मदत करणाऱ्या, पायाला बांधलेल्या सांगाड्याची मोटर चालू असली की त्यांच्या आकड्यांत गोंधळ शिरतो. काचतंतूतल्या प्रकाशावर त्याचा परिणाम नाही, प्लास्टिकच्याही नाही. फक्त काच लवकर तुटते. प्लास्टिक पुष्कळ वाकणं सोसतं. त्याचा दोष वेगळा: वाकवून सोडलं तरी ते लगेच पूर्ववत होत नाही, म्हणून गुडघा वाकतानाचा आणि सरळ होतानाचा आलेख जुळत नाहीत. ही तफावत गणितानं दुरुस्त करावी लागते. ब्राझीलमधल्या व्हिटोरियाच्या आणि पोर्तुगालमधल्या आव्हेरोच्या संशोधकांनी या तंतूंवर बरंच काम केलं आहे.

माझ्या मते या कामाची खरी गरज दवाखान्याबाहेर आहे. फिजिओसमोर माणूस नेटानं चालतो, घरी उंबऱ्याशी पाय घासतो. ही साधनं आज बहुतेक प्रयोगशाळांतच आहेत. ती घरोघरी पोचेपर्यंत, तुमच्या घरी कुणी पुन्हा चालायला शिकत असेल, तर त्यांचा पाय उंबऱ्याशी, जिन्यावर, न्हाणीघरात कसा पडतो ते नीट पाहा आणि पुढच्या भेटीत फिजिओला सांगा.