झिरप सिद्धांताची जन्मकथा

श्रीमंतांवरील व उद्योगांवरील कर कमी केले, तर त्यांच्या हाती उरलेला पैसा गुंतवणुकीत जाईल, त्यातून रोजगार वाढतील आणि वरची समृद्धी कालांतराने तळाच्या माणसापर्यंत पोहोचेल, या विचाराला ‘झिरप सिद्धांत’ किंवा ‘ट्रिकल डाऊन’ म्हणतात. हे नाव त्याच्या समर्थकांनी नव्हे, तर टीकाकारांनी रूढ केले. करकपातीचे पुरस्कर्ते ते सहसा स्वतःला लावून घेत नाहीत.

आक्षेप मात्र नावाहून जुना आहे. १८९६ साली शिकागो येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी, सधनांना अधिक सधन करून त्यांची समृद्धी खाली उतरण्याची वाट पाहणारे शासन आणि सामान्यांना सधन करणारे शासन, असा भेद मांडला होता. पुढे १९२० च्या दशकात अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या धोरणामुळे अमेरिकेतील प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आला. त्यानंतर महामंदी कोसळली, आणि राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या सरकारने बँका व रेल्वे कंपन्यांना कर्जे दिली, तेव्हा विनोदकार विल रॉजर्स यांनी १९३२ मध्ये आपल्या वृत्तपत्रीय सदरात ‘ट्रिकल डाऊन’ हा शब्दप्रयोग वापरला. हूव्हर हे व्यवसायाने अभियंते. पाणी खाली वाहते हे त्यांना ठाऊक होते, पण पैसा वर चढतो हे नव्हते, तो तळाच्या लोकांना दिला तरी अखेर वरच्यांकडेच जातो आणि निदान वाटेत गरिबाच्या हातून तरी जातो, असा रॉजर्स यांच्या म्हणण्याचा आशय होता. मागणी खालून निर्माण होते, हा अर्थशास्त्रातील गंभीर मुद्दाच त्यांनी विनोदातून मांडला होता.

पुढे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत प्राप्तिकराचा हाच सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने २८ टक्क्यांवर आला, आणि त्यांचेच अर्थसंकल्पप्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी १९८१ मध्ये एका मुलाखतीत, पुरवठ्यावर भर देणारे हे नवे अर्थशास्त्र मुळात जुनी झिरपच असल्याची कबुली दिली.

गुंतवणुकीतून रोजगार निर्माण होतात, हे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो त्यातील किती वाटा मजुरीच्या रूपाने खाली उतरतो आणि त्यासाठी गरिबाने किती काळ थांबावे, याचा. भारतातही हाच प्रश्न पुढे आला. पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडताना, १९६० च्या दशकातील वाढीचा लाभ प्रामुख्याने वरच्या थरांनाच मिळाल्याचे दाखवले आणि ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांतून थेट रोजगार देण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पुढच्याच वर्षांत आकाराला आली. तिच्यात मजुरी थेट काम मागणाऱ्याच्या हाती पडण्याची तरतूद होती.