चौकटीच्या कडा

फोटोत एक विहीर आहे. मराठवाडा, मे महिना, सकाळचं ऊन. कठड्याभोवती बायकांची दाटी, मधेमधे पोरं, प्रत्येकीच्या हातात दोर. उजव्या बाजूला, सगळ्यांत पुढे, जांभळ्या लुगड्यातली एक म्हातारी वाकून पोहरा वर ओढते आहे. डाव्या कडेला टँकरचा मागचा भाग आणि त्यातून विहिरीत सोडलेला जाड पाइप. पाइप धरून उभा असलेला क्लीनर थेट कॅमेऱ्याकडे बघतो आहे. वर पांढरं पडलेलं आभाळ, खाली प्लॅस्टिकच्या घागरींची रांग.

फोटो माझा आहे. पुढच्या बाईच्या फार जवळ उभा होतो, म्हणून वाइड लेन्स लावली होती. त्यामुळे हवं-नको ते सगळंच आत आलं. असा फोटो पडद्यावर उघडला, की पहिलं काम म्हणजे कडा आत ढकलून बघणं. जुनी मंडळी प्रिंटवर पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या सरकवून हेच करत. पट्ट्यांचा एक फायदा होता: सरकवता सरकवता झाकलेलं आणि उघडं दोन्ही एकाच वेळी हाताखाली असे. पडद्यावर क्रॉप पक्का केला, की बाहेरचं दिसेनासं होतं आणि डोळा उरलेल्यालाच पूर्ण मानू लागतो.

पहिली चौकट उभी घेतली. फक्त ती म्हातारी, तिचे हात, दोर आणि खालचा काळोख. फोटो एकदम देखणा झाला. मनगटावरच्या शिरा, दोराला बसलेला पीळ, खांद्याचा ताण, सगळं बोलायला लागलं. पण टँकर गेला, घागरी गेल्या, बाकीच्या बायका गेल्या. हा फोटो कृष्णधवल करून १९७२च्या दुष्काळातला म्हणून छापला, तर फारसं कुणी अडवणार नाही. पाण्याचं दुःख राहिलं, पण ते कोणत्या काळातलं आणि कुणाच्या कारभारातलं, हे सांगणारं काही उरलं नाही.

दुसरी चौकट आडवी. आभाळ कापलं, उजवीकडची म्हातारी अर्धी बाहेर गेली, पाइप आणि गर्दी मधे आली. आता बातमी वेगळी झाली. टँकरचं पाणी विहिरीत ओतायचं आणि गावाने ते पुन्हा दोराने उपसायचं. ज्याच्या अंगात बळ, ज्याच्या घरात माणसं जास्त, त्याच्या घागरी आधी भरणार. सरकारी तक्त्यात ‘पाणी पोहोचलं’ अशी नोंद होते, त्याच्या पुढचा भाग या चौकटीत दिसतो. मात्र म्हातारीचे हात आता गर्दीतल्या अनेक हातांपैकी दोन झाले.

क्लीनरने सगळ्यांत जास्त छळलं. फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघत असेल, तर पाहणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते. त्याला मानेवर कापणं वाईट दिसतं. कोपरावर, गुडघ्यावर, मनगटावर, म्हणजे कुठल्याही सांध्यावर कापलं की अवयव तुटल्यासारखा वाटतो. मग डावी कड इतकी आत आणली, की त्याचा फक्त पुढचा हात आणि पाइप उरला. चौकट नीट बसली. पण क्षणापूर्वी तिथे एक माणूस होता, रात्री कधीतरी टँकर भरायला निघालेला, उन्हात उभा असलेला. आता तो टँकरचाच एक भाग झाला होता. मी कड पुन्हा बाहेर नेली.

पानावर तीन कॉलमची जागा ठरली होती. संध्याकाळी जाहिरात आली आणि दोनच उरले. दोन कॉलममध्ये आडवा फोटो इतका लहान होतो, की माणसं ओळखू येत नाहीत. उभी चौकट छापली गेली. टँकर फोटोखालच्या ओळींमध्ये लिहावा लागला. वाचक फोटो बघतो, ओळी राहून जातात. हा निर्णय मला अजूनही पटलेला नाही, आणि जागेची अडचण खरी होती हेही तितकंच खरं.

कापल्याने उरलेल्या भागातलं काहीच बदलत नाही. कॅमेरा जिथे उभा होता तिथेच राहतो, म्हणून माणसांची एकमेकांशी असलेली मापंही तीच राहतात. बदलतो तो शेजार. पाइपाच्या शेजारची म्हातारी आणि काळोखाच्या शेजारची म्हातारी या पाहणाऱ्यासाठी दोन निराळ्या बायका आहेत.

चे गव्हेराचा जगभर पसरलेला चेहरा आठवा. आल्बेर्तो कोर्दाने तो ५ मार्च १९६० रोजी हवानात टिपला. आदल्या दिवशी बंदरात ‘ला कूब्र’ जहाजावर स्फोट झाला होता आणि त्यात मेलेल्यांसाठी शोकसभा चालू होती. मूळ फोटो आडवा आहे: एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ताडाची पानं. तिथे चे शोकसभेला आलेला, रागाने आणि दुःखाने समोर बघणारा एक माणूस आहे. कोर्दाने दोन्ही बाजू छाटल्या. सोबत जागा गेली, तारीख गेली, मेलेले लोक गेले. समोर बघणारी ती नजर आता भविष्याकडे लागलेली वाटते. पुढे भित्तिचित्रांवर आणि टी-शर्टांवर ती सहज बसली, कारण तिला बांधून ठेवणारं शेजारी काहीच उरलं नव्हतं.

प्रत्येक कात्रीमागे हेतू असतोच असंही नाही. जानेवारी २०२०मध्ये दाव्होसला असोसिएटेड प्रेसच्या छायाचित्रकाराने पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचा फोटो काढला. कडेला युगांडाची व्हेनेसा नकाते उभी होती. प्रसिद्ध झालेल्या चौकटीत ती नव्हती. उरल्या ग्रेटा थनबर्गसह चार गोऱ्या मुली. मागची इमारत नजरेला खटकत होती म्हणून तेवढं कापलं, असं संस्थेकडून सांगण्यात आलं. ते मला खरं वाटतं, आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करतं. इमारत काढताना तिच्यापुढे कोण उभं आहे हे दिसू नये, इतकी नजर मांडणीत गुंतू शकते. तुम्ही नुसता एक फोटो पुसला नाही, एक अख्खा खंड पुसला, असं नकातेने जाहीरपणे म्हटलं. संस्थेने पूर्ण फोटो दिला आणि पुढे माफीही मागितली.

नियम या बाबतीत फारसे मदतीला येत नाहीत. २०१०च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्तेपान रुदिकचं पारितोषिक रद्द झालं. त्याने मूळ फोटोचा बराच मोठा भाग कापून टाकला होता, ते चाललं. आतल्या एका हाताच्या मागे दुसऱ्याच माणसाचं पाऊल डोकावत होतं, ते त्याने पुसलं, आणि ते चाललं नाही. आतलं पुसणं खोटेपणा आणि बाहेरचं कापणं संपादन, ही रेघ मला मान्य आहे. बातमीच्या फोटोवर विश्वास टिकायचा तर ती हवीच. पण त्या पावलापेक्षा चौकटीबाहेर टाकलेल्या भागाने अर्थ कितीतरी जास्त बदलू शकतो, आणि त्याला परवान्याची गरज नसते.

म्हणून मूळ फाइल राखणं मला कामाचाच भाग वाटतो. निगेटिव्हच्या काळात प्रिंट कितीही कापली, तरी पूर्ण चौकट पाकिटात राहायची. कोर्दाचा तो शेजारचा माणूस आणि ती पानं आज बघता येतात ती त्यामुळेच. आता घटनास्थळावरून मोबाइलवर कापलेली प्रत थेट ग्रुपवर जाते, तीच छापली जाते, तीच संग्रहात जमा होते, आणि कार्डावर जागा हवी म्हणून मूळ फोटो त्याच रात्री उडवला जातो.