मामंजींचा पेटारा

खंडेनवमीला आमच्या आकुर्डीच्या घरी पूजेत काय काय मांडतात हे ऐकून माझ्या माहेरची माणसे हसतात. पान्हे, व्हर्नियर, विळी, कात्री आणि त्यांच्या पंक्तीला कॉम्प्युटर! 2012 साली तो घरात आला, तेव्हापासून झेंडूची माळ त्याला कधी चुकली नाही. 2025 च्या दसऱ्याला मात्र चिरंजीव म्हणाले, "आई, ही शेवटची हं!"

त्याचे खोटे नव्हते. बटण दाबून मी कुकर लावून येई, तरी पडदा काळाच. त्यातच विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबरला थांबणार होती, आणि विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची चिप आमच्या पेटाऱ्यात नव्हती. बँकेचे व्यवहार त्यावर करणे शहाणपणाचे नव्हते. तरी हे गप्प, सासूबाईही गप्प. कारण सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलत कोणीच नव्हते.

त्या पेटाऱ्यात मामंजींच्या आठवणी होत्या. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात त्यांची उमर गेली. चेतकच्या भरभराटीचा तो काळ. निवृत्तीनंतर एका बोटाने टाइप करीत त्यांनी एक्केचाळीस पाने लिहिली. 2007 मध्ये तिथले गाड्यांचे उत्पादन थांबले, त्यावर तर चार पाने. जून 2022 पासून त्याच आकुर्डीत विजेवरची चेतक तयार होऊ लागली, ते पाहायला मामंजी राहिले नाहीत.

अखेर मिनी पीसी आला. मिठाईच्या खोक्याएवढी डबी, किंमत साडेतेरा हजार. "आत काही आहे ना रे?" सासूबाईंनी हलवून पाहिले. आत इंटेलचा एन 100 नावाचा प्रोसेसर. साध्या कामाला सगळी डबी मिळून वीसएक वॉटही वीज घेत नाही. पंख्याची घरघर गेली, टेबलाखाली पाय पसरायला जागा झाली. पडदा आम्ही जुनाच ठेवला. पण त्याच्या निळ्या टोकाच्या केबलला डबीत भोकच नव्हते, म्हणून वेगळा जोडतुकडा आणावा लागला. मैत्रिणींनो, घेताना हे आधी विचारा. दुकानदार आपणहून सांगत नाही.

जुनी हार्ड डिस्क काढून चिरंजिवाने ती नव्या डबीला जोडली. फोटो आले, हिशेब आले. मग मामंजींची फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे! एकही शब्द लागेना. सासूबाई काही न बोलता उठून आत गेल्या.

खुलासा त्याने रात्री केला. जुन्या मराठी टंकांत यंत्र साठवी इंग्रजी अक्षराचाच क्रमांक. टंक फक्त त्यावर मराठी सोंग चढवी. टंक नाही तर सोंग नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा 2325. मामंजींचा टंक जुन्या डिस्कवरच सापडला. तो नव्या यंत्रात बसवताच पाने जशीच्या तशी उभी राहिली! पण आणखी दहा वर्षांनी पुन्हा हाच घोळ नको, म्हणून ती युनिकोडमध्ये बदलायचे ठरले.

ते काम प्रोग्रॅमने क्षणात केले, पण धांदरटपणे. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्या अदलाबदलीत वेलांट्या भलत्याच डोक्यांवर बसल्या आणि गावाचे नाव पानोपानी 'आर्कुडी' झाले. तेव्हा मूळ पाने छापून घेतली आणि संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की मी नवी पाने त्यांच्याशी ताडून दुरुस्त करायला बसू लागले. वाचायची मोठ्याने, कारण सासूबाई शेजारी निवडत बसत.

दिवाळीच्या आत पेटारा ई-कचऱ्यात गेला. डिस्क तेवढी सासूबाईंनी मागून घेतली आणि देवघराच्या कपाटात, मामंजींच्या चष्म्याशेजारी ठेवली.

सतराव्या पानावर पहिल्या पगाराची हकिकत होती. त्यातून मामंजींनी सासूबाईंसाठी लुगडे आणले होते आणि ते त्यांना आवडले नव्हते, असे लिहिले होते. मी थांबले.

"आवडलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "सांगितलं नव्हतं एवढंच. वाच पुढं."